काड्यांचा चहा

ओकाबे परत गेला तेव्हा उद्यमबागेत मशीन चालू झालं होतं
आणि माझ्या टेबलावर, व्हर्नियरच्या शेजारी,
एक तपकिरी डबा राहिला होता, पंजाएवढा.
अक्षरं वरून खाली ओघळलेली.
लुमाण्णानं तो उलटा धरून पाहिला, नीलव्वानं सुलटा.
आमच्याकडं पाट्यांवरनं डोकी फुटायची वेळ येते,
या डब्यापुढं मात्र सगळेच अंगठाबहाद्दर.

आत धड पानंही नव्हती. काड्या होत्या,
पाखडल्यावर सुपाच्या कडेला राहतात तसल्या,
भाजून भाजून काताच्या रंगावर आलेल्या.
ओकाबे एकदा तुटक इंग्रजीत म्हणाला होता,
चांगली पानं विकली जातात,
उरलेलं आम्ही भाजतो.
हे वाक्य मायक्रॉनमध्ये मोजून
वहीत लिहून ठेवावं असं वाटलं होतं.

घरी केला. दूध नाही, साखर नाही.
शेवंता म्हणाली, "काय गा हे, कढई विसळलेलं पाणी?"
मी घोट घेतला.
आधी काहीच नाही.
मग जिभेच्या मागं, उशिरा,
सुगी झाल्यावर पेटवलेल्या धसकटांचा धूर,
आणि त्याच्याही मागं कुंद्याच्या कढईची खरवड,
गोडी काढून घेतलेली,
नुसतं तिचं करपणं.

डबा महिन्यात संपला.
मग मी किराणा दुकानातनं साधा हिरवा चहा आणला
आणि शहापुरात लुमाण्णाच्या चुरमुऱ्याच्या भट्टीवर गेलो.
"खुळा हैस," असं म्हणून त्यानं जागा करून दिली.
पहिल्यांदा वाळूतच टाकला, चुरमुऱ्यासारखा.
तो चहा आम्ही अक्षरशः चावला.
दुसऱ्यांदा जळला. लुमाण्णा ओरडेपर्यंत,
"वास बघ की! जळायलंय!"
मी रंगाकडं बघत होतो, तो नाकानं भाजत होता.
तिसऱ्यांदा भट्टी विझत आल्यावर,
तुसाची नुसती धग उरल्यावर,
कोरड्या कढईत, हातानं हलवत.
बोटाला चटका बसला तेव्हा उतरवला.

त्यात मूठभर तांदूळ घालायची कल्पना माझी नाही,
ती पण ओकाबेच्याच देशाची,
चहा पुरवठ्याला यावा म्हणून, असं तो सांगायचा.
पुरवठ्याला येणं आम्हाला शिकवायला नको.
लुमाण्णानं चाळणीखालचा चुरा काढला,
काही दाणे फुललेले, काही नुसतेच तांबूस,
ग्राहकाला न देण्यासारखे.
गरम पाणी पडल्यावर ते तडतडले, हळू,
दुसऱ्या खोलीत कुणी बोलावं तसे.

नीलव्वा बशीतनं प्यायली.
डोळे मिटून म्हणाली, "अक्की."
तांदूळ.
मग म्हणाली, लहानपणी ताप आला की
आई भाजल्या तांदळाची पेज द्यायची, तसलंच लागतंय.
आणि शेवटी: "चलो ऐती."
हिंदीत चलो म्हणजे निघा. तिच्या कन्नडात, छान आहे.
मी उठलो नाही. तिनं बशी पुढं केली.

आता खानापूरहून महाळुंग येतात तेव्हा
साल वाळवून त्यात टाकतो.
प्रत्येक वेळी जमत नाही.
कधी कडू होतो, कधी नुसताच औषधी,
आणि एखाद्या संध्याकाळी, का ते कळत नाही,
पेल्यातनं साल, धूर आणि तांदूळ
एकामागून एक न येता
एकदमच येतात, दारात गर्दी करून.
असे मी आजवर चार पेले मोजलेत.
मोजणं हाच माझा धंदा,
पण पाचवा कधी, ते व्हर्नियरला विचारून उपयोग नाही.

शेवंता अजून पीत नाही.
पण रिकामा डबा तिनं मोहरीला घेतला,
आणि घेताना धुतला नाही.
मी विचारलं नाही.
काल फोडणी बसली तेव्हा
मोहरी तडतडायच्या आधी, अर्धा क्षण,
स्वयंपाकघरात कुणीतरी भाजलेल्या काड्या आणल्या होत्या.
तिनं माझ्याकडं बघितलं,
आणि गॅस बारीक केला.