हातचा एक

विद्यापीठाने प्रश्नावली पाठवली आहे.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस
तुम्हाला हताश वाटलं?
चार गोल. त्यातला एक काळा करायचा.
मी भाड्याच्या खोलीत, पलंगावर, बूट न काढता.
खिडकीत मिस्ती ज्वालामुखी उभा आहे
आपण कधी काही केलंच नाही अशा चेहऱ्याने.

मार्चमध्ये आम्हाला वॉर्डातून बाहेर काढलं.
एप्रन ठेवून जा, म्हणाले, तुम्ही अजून डॉक्टर नाही.
जूनमध्ये परत बोलावलं :
डॉक्टर नाहीच आहात, पण फोन तर करता येईल.
तेव्हापासून तळघरात, बंद पडलेल्या एक्स-रे खोलीत,
रोज चार वाजता मी आकडे वाचते.
खाट नऊ, एक्क्याऐंशी.
खाट अकरा, शहाऐंशी.
पुस्तकात अठ्ठ्याण्णव लिहिलेलं आहे.
आमच्या आरेकिपाच्या उंचीवर पुस्तकाबरहुकूम
कुणाचंच रक्त कधी वागलेलं नाही.
पलीकडून विचारतात, म्हणजे बरं की वाईट?
मी म्हणते, कालच्यापेक्षा एकने जास्त.
त्या एकावर घरं रात्र काढतात.

शेजारच्या खुर्चीत रोसेंदो असायचा.
वाईट बातमीचे फोन स्वतःकडे ओढून घ्यायचा,
म्हणायचा, माझा आवाज जाड आहे, त्याला झेपतं.
ऑगस्टमध्ये ऑनलाइन तासाला त्याचा कॅमेरा बंद झाला.
राखाडी चौकोनात नुसतं नाव.
हजेरी लागत होती, म्हणून कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
हे कुठल्या गोलात भरतात?
एक दिवस त्याची आई हुलियाकाहून आली
आणि त्याला घेऊन गेली.
टेबलावर अर्धं सोललेलं संत्रं राहिलं,
ते वाळून चामडं होईपर्यंत मी उचललं नाही.

खाट सतराचं घर काबानाकोन्देला, पार दरीच्या काठावर.
फोनवर त्याची बायको, दोन्या एउलालिया.
तिला स्पॅनिश अर्धीमुर्धी,
मला क्वेचुआ त्याहून अर्धी,
आई बाजारात बटाटे विकायची तेव्हा कानावर पडलेली.
म्हणजे मला आकडे येतात, आणि "परवडत नाही" येतं.
आकड्यांवर आमचं भागायचं.

गुरुवारी सतराची ओळ कोरी आली.
सांगायचं काम वरिष्ठांचं. त्यांनी सांगितलं.
शुक्रवारी चारला माझ्या बोटांनी
सवयीने तिचाच नंबर लावला.
तिने उचलला.
शंभराच्या आतले सगळे आकडे मला येत होते
आणि त्यातला एकही द्यायला उरला नव्हता.
ती बराच वेळ माझा श्वास ऐकत राहिली,
आम्हाला ऐकायला शिकवतात तसा, घाई न करता.
मग म्हणाली, तू होय, आकडेवाली.
जेवलीस का?
हे मला समजलं.
बटाट्यांच्या ढिगापाशी हेही विचारलं जायचं.
हो म्हणाले. खोटं.

प्रश्न सातवा, झोप.
आठवा मी वगळते.
खाली बारीक अक्षरांत : आपली उत्तरं गोपनीय राहतील.
गोपनीय ठेवण्यात तर आम्ही पहिल्या वर्षापासून पटाईत,
मेसमध्ये हसतो, जिन्यात रडतो,
आणि लक्षणं विचारली की दुसऱ्याचीच सांगतो.

लहानपणी बेरजेत शिकवलं होतं,
हातचा एक कागदावर मांडायचा नाही,
डोक्यात धरायचा
आणि पुढच्या रकान्यात विसरायचा नाही.
माझ्या डोक्यात सतरा नंबर आहे,
एक सुकलेलं संत्रं आहे,
दरीच्या काठावर फोन धरून बसलेली एक बाई आहे.
पुढचा रकाना काही येत नाही.

प्रश्नावली अर्धी ठेवून मी फोन घेतला आहे.
चार कधीच वाजून गेले.
सांगायला आकडा नाही, काय बोलायचं ते ठरलेलं नाही.
हुलियाकात या वेळी नळातलं पाणी गोठतं.
रोसेंदोचा नंबर.
वाजतोय.