निळं पिंप

रॉटरडॅमला मंत्री आले तेव्हा नोव्हेंबर होता,
गोदामातला हीटर बंद पडलेला,
तरी एपिफानिओमामा कोट न घालता दारात उभा,
बेटावरच्या माणसाला थंडी वाजत नाही
हे दाखवायला.

मी त्याचे हिशेब बघते. भाषांतरही माझ्याकडेच,
म्हणजे मामा क्रिओलमध्ये जे चिडून म्हणतो
ते मी पोर्तुगीजमध्ये शिफारस म्हणून टाइप करते.

जेवायला कशूपा होती, मका रात्रभर भिजवलेला.
मंत्र्यांना दुसऱ्यांदा वाढताना मामा म्हणाला,
"ती पिंपं बंद करा."

निळी, प्लास्टिकची, झाकणाला लोखंडी कडं.
तांदूळ, साबण, जुने बूट, कुणाचा तरी लग्नातला झगा,
डिसेंबरच्या बोटीने मिंडेलोला. जकात नाही.
अठ्ठ्याहत्तर साली मामाने पहिलं पिंप भरलं
जहाजांचे डेक घासून मिळालेल्या पैशांत,
तळाशी आजीचा चष्मा, मोज्यात गुंडाळून.

"देश काय पिंपांवर चालतो?
कंटेनरवरची जकात उतरवा, पिंपांवर बसवा,
मग बघा बाजार कसा सुतासारखा सरळ येतो."
कंटेनर कुणाचे, हे मंत्र्यांनी विचारलं नाही.
आम्ही त्यांच्या मधोमधच जेवत होतो.

मामाने तिकडे कधी मत दिलेलं नाही.
गेल्या दुष्काळात जनरेटर दिला,
त्याआधी बंदराची क्रेन.
त्याचा शब्द पोचतो तो भिजूनच पोचतो,
मक्यासारखा. लगेच शिजतो.

मार्चमध्ये कायदा आला. कलम सात, उपकलम दोन.
त्यातला एक स्वल्पविराम माझा होता,
चुकीच्या जागी पडलेला. ओळखला मी.

मग झुल्मिरामावशीचा फोन.
ती मासळीबाजारामागे पिंपातलं सामान विकते,
एकेक जोड, एकेक वडी.
रडली नाही. म्हणाली,
"कुणीतरी फार हुशार माणसाने केलाय हा कायदा.
एपिफानिओला तो भेटला कधी, तर विचारायला सांग,
रिकाम्या पिंपात आम्ही आता पाणी साठवतो,
त्यावर किती?"

मी निरोप दिला, क्रिओलमध्ये, जसाच्या तसा.
हीटर दुरुस्त झाला होता,
तरी मामा कोटाची बटणं लावत होता, वरपासून खालपर्यंत.
बराच वेळ गेला. मग म्हणाला,
"पोर्तुगीजमध्ये काय होईल गं याचं?"