डाव्या कानावरची कवटी

भरडावर माझं दुकान, सहा बाय आठ.
नंबर प्लेट, रेडियम, नावं कापून मिळतील.
हेल्मेटला स्टिकर लावणं बरं की वाईट
हे मला एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही.
विचारायचे ते एवढंच : वाघ आहे काय?
विंचू? शिडाचं होडकं?
"आईचा आशीर्वाद", पण जरा तिरका?

कंपनीच्या पुस्तिकेत असतं म्हणे बारीक अक्षरात,
रंग नको, थिनर नको, चिकटवू नका काही.
पुस्तिका खोक्यात राहते
आणि खोक्यात पुढे कोंबडी बसते अंड्यांवर.
मी तर जुना गोंद पेट्रोलच्या बोळ्यानेच पुसत आलो.
पेट्रोलने ते प्लास्टिक कच्चं होतं, वरून कळत नाही,
असं एक विक्रेता चहा पिता पिता सांगून गेला
आणि त्या रात्री मी मोजत बसलो
किती डोकी पुसली असतील.
तेव्हापासून खोबरेल,
आणि बायकोचं केस वाळवायचं यंत्र.

गेल्या मार्गशीर्षात शेवंती कोयंडे आली,
पाटी रिकामी करून, तशीच,
हातांना बांगड्यांचा वास.
पिशवीतून काळं हेल्मेट काढलं.
"झील गेलो मस्कताक.
ह्या आता चेडू घालतला, कुडाळाक कॉलेजात जाताना.
ती कवटी काढ आधी.
चेडवाच्या डोक्यार कवटी बरी दिसता?"

कवटी माझ्याच हातची. ओळखली.
डाव्या कानावर, तळहाताएवढी,
दात जरा जास्तच कापले होते मी.

गरम हवा दिली. कोपरा नखाने उचलला.
कपाळ सुटलं, डोळ्यांची भोकं सुटली,
जबडा निघाला तशी खाली
एक रेघ.
केसाएवढी. बोटभर लांब.
अंगठा दाबला तर करकरली.

"ह्या काय?"
"पडललो काय तो खंय?"
"छ्या! तो कधी पडूक नाय."

मग मलाच आठवलं.
नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला होता,
खांदा धरून, पँटीला चौक्याची तांबडी माती.
म्हणाला, मोठा दे, इथे लाव.
मी म्हटलं, मधोमध शोभेल.
नको. इथेच.
चाळीस रुपये झाले,
सुट्टे दहा नव्हते म्हणून एक बदाम फुकट दिला.
विचारलं काहीच नाही.

हेल्मेट तिनेच घेऊन दिलं होतं त्याला,
सुक्या मासळीच्या पैशांतून.

शेवंती रेघेवरून नख फिरवत राहिली,
खवला राहिलाय का बघतात तसं.
मी सांगितलं, हे आता डोक्यावर नको,
आतला थर्माकोल एकदा दबला की दबला.
"अडीच हजार," ती म्हणाली.
थोड्या वेळाने :
"त्येच्या डोक्याक काय झाला नसात मा रे?"

मस्कतात किती वाजले असतील
याचा आम्ही दोघांनी हिशेब केला. दीड तास मागे.
फोन वाजला, वाजत राहिला.
ड्युटीवर असेल.
हेल्मेट तिने पिशवीत घातलं, पैसे विचारले,
मी नको म्हटलं.
कवटी माझ्या काउंटरला चिकटून राहिली, उलटी,
पांढरी बाजू वर.

आता कुणी स्टिकर मागितला
की मी आधी हेल्मेट कानाशी धरून वाजवतो,
बाजारात नारळ घेतात तसं.
पोरं हसतात.
विचारतो, पडललंस काय रे?
सगळे नाही म्हणतात.

परवा एकाने नाही म्हणताना
सोललेलं कोपर पाठीमागे नेलं.
त्याला म्हटलं, कटर सापडत नाही, उद्या ये.
कटर माझ्या हातातच होता.