नववा ट्रॅक

दस्तगीरचाचांनी सीडी आणली
भाकरीसारखी फडक्यात बांधून.
"यातला आवाज नेटवर घाल, ऐनापुरे.
पुण्याची पोरं फोनवर ऐकून तंबोरा घेतात म्हणं."

टूथपेस्ट लावून मी चरे पुसले.
ड्राइव्ह आधी खाकरला, मग फिरू लागला,
आणि कुठल्याशा यादीत बघून कॉम्प्युटरनं
ठणकावून सांगितलं:
ही पोर्तुगालच्या नाताळगीतांची सीडी आहे.
चाचा म्हणाले, असू दे, मिरज खाली बारीक लिही.

एकेक ट्रॅक, एकेक तंबोरा.
पंचम, जोड, खर्ज,
मधेच किल्ला भागातल्या दुपारचा रिक्षाचा हॉर्न.
मी रकाने भरत गेलो:
तुणीचं लाकूड. चार तारा. किंमत.

फाइल लहान करू का, लवकर उघडेल.
"लहान म्हंजे?"
कानाला ऐकू येत नाही तेवढं हे काढून टाकतं, चाचा.
"कुणाच्या कानाला?"

तीन तीन दिवस घोडीवर कानस,
तारेखाली सूत
केसभर पुढं, केसभर मागं.
आता डावा कान गेलाय त्यांचा.
स्पीकरच्या खोक्यावर पंजा टेकवून
त्यांनी दोन्ही फाइली ऐकल्या,
आधी जाड, मग बारीक.
बारकीवर पंजा उचलला.
"हिच्यात सूत न्हाई."

सगळ्या जाडच ठेवल्या.
पोरं थांबतील. थांबली तर.

नवव्या ट्रॅकला तारच नव्हती.
टक्. टक्.
जरा थांबून, टक्.
वाळक्या भोपळ्यावर कुणाचंतरी बोट,
मग विडीनं खरवडलेला एक आवाज:
"ह्यो नको. ह्यो बी नको.
हां, दस्तू, ह्यो घे. ह्यो बोलतोय."

पंजा स्पीकरवरच राहिला.
"मौला," चाचा म्हणाले. "थोरला.
भोपळं त्योच निवडायचा.
मशीन चालूच राहिलं असंल."

हा गाळू का?
"घाल की."
मग किंमत काय लिहू?

चाचा फडक्याची घडी घालत बसले.
घातली, मोडली, परत घातली.
सीडी न्यायची मात्र विसरले.

तो रकाना अजून रिकामाच आहे.
काल लातूरहून एका बाईंचा फोन:
नऊ नंबरचं वाद्य कुठलं हो,
आणि ते शिल्लक आहे का?