अधिक-उणे साठ

दलमा बेटावर, धक्क्याच्या सावलीत
सुवैदान म्हातारा जाळं सांधता सांधता सांगतो:
शेख मरझूकनं तेव्हा आभाळ झाडलं होतं.
तीन दिवस सूर्य नव्हता.
विहिरीला सडक्या अंड्याचा वास,
बकऱ्यांच्या पाठी पांढऱ्या.
शेखनं खांद्यावरची चादर अंगणात पसरली,
भरली तशी समुद्रावर नेऊन झटकली.

माझ्या खोक्यात खारवटीतला गाळ,
दोन हात खोलीवरून काढलेला.
त्यात राखेची एक रेघ, नखाएवढी.
प्रयोगशाळेनं साल कळवलंय,
अधिक-उणे साठ.

कधीची गोष्ट, मी विचारलं.
"खजूर अर्धे पिकले होते," तो म्हणाला.
"हिरवे होते तेवढे वाचले."

चादरीचं अहवालात घातलं नाही.
खजुरांचं घातलं, तळटीपेत.

देवरूखला आमच्या परसात विहीर खणताना
सुरुंग लावावा लागला होता.
सगळा काळा कातळ. केवढा जाळ होऊन गेला असेल,
आणि बघायला कोणी नाही,
झाडायला तर नाहीच.

आज खोकं उघडून त्याला रेघ दाखवली.
त्यानं बोट टेकवलं, वास घेतला,
जाळ्याकडे वळत म्हणाला,
"कोपऱ्यात राहतेच थोडी."