उपयोगिता प्रमाणपत्र

पणजीहून नमुना आला आहे, दोन प्रतींत भरायचा.
जुनी बाब, म्हणे, लेखापरीक्षणात अजून उघडी :
गाव केळव्हाळ, तालुका सत्तरी,
दोन शाळांचे एकत्रीकरण,
रुपये अठ्ठावीस हजार फक्त.
या पैशांचं काय झालं, ते मुख्याध्यापिकेनं कळवावं.

कपाटात, कडा वाळवीनं खाल्लेलं
मूळ पत्र सापडलं.
खाली साहेबांची सही, हिरव्या शाईत,
नावातलं एक अक्षर लागेल तर शपथ,
शेवटची रेघ मात्र पानाबाहेर निघालेली.
‘देवळाजवळील शाळा व व्हाळापलीकडील शाळा
यांत यापुढे भेद राहू नये, या उद्देशाने…’

उद्देश वाळवीनं सोडलाय. तारीख खाल्ली.

तारखेची मला गरज नाही. दुसरीत होते मी,
व्हाळापलीकडच्या शाळेत, म्हणजे फणसाखाली.
बापूय बाजूलाच चिवारीच्या काड्या सोलत बसायचा.
त्यानं विणलेली सुपं देवळाकडच्या घरांत
पार चुलीपर्यंत जायची.
मास्तर मंगळवारी यायचे. पाट्या दगडावर ठेवायच्या,
आपण चार पावलं मागं व्हायचं,
मग ते वाकून खुणा करायचे.
कितीतरी दिवस मला वाटे,
गणित असंच तपासतात सगळीकडे.

रकाना तीन : रक्कम कशावर खर्च झाली?

साकव बांधला. सहीत जे वाचता येत नव्हतं
ते नाव त्याच्या दगडात नीट आलं.
पितळी घंटा, एक. बाकं, सहा.
टाकी एक आणि नळ एकच.
नळावरून देवळात तीन रात्री सभा झाली,
तिचा खर्च यात धरलेला नाही.

रकाना चार : उद्दिष्ट साध्य झाले काय? होय / नाही.
लागू नसेल ते खोडावे.

चवथीची सुटी संपली आणि आम्ही साकवावरून गेलो,
नऊ पोरं, घंटा ऐकून.
तिसऱ्या बाकावर उमावती होती.
ती सरकली. अंग आक्रसून नव्हे,
जागा करून देतात तशी.
झग्याच्या खिशातून मिठात लोळवलेलं अंबाडं काढलं,
दातांनी तोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
इतकं आंबट की दोघींचे डोळे मिटले.

बाराव्या दिवशी फाट्यावर निळी बस उभी राहिली,
वाळपईच्या मोठ्या शाळेची.
कुणी भांडलं नाही. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही.
हजेरीपटात लाल पेन्सिलीनं
एकेका नावापुढं : दाखला नेला. दाखला नेला.
मास्तरांचं अक्षर फार सुंदर होतं.
दिवाळीपर्यंत दोन शाळांची एक शाळा झाली,
पत्रात म्हटल्याप्रमाणे,
आणि तिच्यात आम्ही नऊ.

घंटा अजून आहे, सकाळी मीच वाजवते.
यंदा पटावर सात, त्यांतली चार
खाणीवर आलेल्या कानडी मजुरांची.
पुढच्या जूनला शाळा बंद करायचं घाटतंय.
त्याचंही पत्र येईल, सहीसकट.

रकमेपुढं ‘फक्त’ लिहितात,
मागाहून कुणी काही जोडू नये म्हणून.

मी ‘होय’ खोडलं. थोड्या वेळानं ‘नाही’ही खोडलं.
हा कागद आता चालणार नाही.
दुसरी प्रत घेतली, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं :

तिसरे बाक, दिवस अकरा फक्त.

खाली सही. तानी बाबलो परवार.
सगळी अक्षरं लागतात.