दर्शनी बाजू

हुकूम असा होता: रस्त्यावरून दिसतं तेवढंच रंगवायचं.
सोलोलाकीच्या चढावर उभं राहून
साहेबांनी बोटानं हवेत एक चौकट काढली.
चौकटीबाहेरचं तिबिलिसी
त्यांच्या वहीत नव्हतं.

मी मालखाझ, रंगारी. परांचीवर सतरा वर्षं.
भिंत खरवडायला घेतली की घर बोलू लागतं,
नको तेवढं बोलतं.
सगळ्यांत वर निळा, वीज नसायची त्या वर्षांतला,
कुणीतरी उरल्यासुरल्या डब्यांतून मारलेला,
कुंचल्याचा एक केस अजून त्यात अडकलेला.
त्याखाली हिरवा, दवाखान्यातला.
त्याखाली पिवडी.
आणि पार तळाशी, दाराच्या वर,
आर्मेनियन अक्षरं. अर्धी.

तळमजल्यावरच्या सेरोबनं चष्मा कपाळावर चढवला, वाचलं:
“टोप्या, आणि…”
पुढचं गिलाव्याबरोबर गेलेलं.
टोप्या आणि काय?
छत्र्या, तो म्हणाला. हातमोजे, मी म्हणालो.
दुपारचा पाव आम्ही त्याच वादात संपवला.

साहेब म्हणाले, मूळ रंग हवा.
मी विचारलं, कुठला मूळ?
त्यांनी खिशातून एक नंबर काढला.
नंबराचा रंग सायीसारखा निघाला,
कुणाच्याच आठवणीत नसलेला,
आणि त्यात टोप्या बुडाल्या.

तिसऱ्या मजल्यावरची झुझुना, एके काळी भूगोलाची मास्तरीण,
सज्जातून वाकून म्हणाली, वेलीला हात लावायचा नाही.
अंगणातून निघून, कमानीवरून वळून,
ती द्राक्षवेल भिंतीवर पसरली होती.
कुणी लावली ते कुणाला ठाऊक नाही,
म्हणून ती सगळ्यांची.
मग मी बारीक कुंचला घेतला
आणि पानापानाला वळसा घालत रंगवत गेलो.
पाच दिवस लागले. मजुरी एकाच दिवसाची.

मागच्या अंगणात मात्र
जिन्याला लाकडाचे टेकू,
सात बिऱ्हाडांत एक नळ,
आणि झुझुनाच्या भिंतीत मनगट जाईल एवढी भेग.
भेगेवर तिनं कागदाची पट्टी चिकटवलीय, तारीख घालून.
पट्टी फाटली की भिंत सरकली असं समजायचं,
नवी पट्टी, नवी तारीख.
फाटलेल्या सगळ्या तिनं बिस्किटाच्या डब्यात जपल्यात,
वर्गातल्या नकाशांसारख्या, क्रमानं.
“इकडेही एक हात मारशील?” तिनं विचारलं होतं.
मी चौकटीकडे बोट दाखवलं.
त्या बोटाची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी पाणीवाल्यांनी रस्ता खणला, मूळ तुटलं.
वेल वाळली, ओढून काढली,
आणि तिच्या जागी भिंतीवर
तीच वेल उभी राहिली, निळी.
पान न् पान, तणावे, किडीनं खाल्लेली कडासुद्धा.
आता लोक थांबतात, फोटो काढतात.
एक गाईड सांगत होता, हे जुनं भित्तिचित्र आहे,
कुणा विसरलेल्या चित्रकाराचं.
सेरोब पोट धरून हसला:
तू तर अख्ख्या गावाच्या तोंडाला पानं पुसलीस!

काल साहेबांचा फोन. ते डाग झाकून टाक.
मी डबा घेऊन आलो. नंबर तोच,
पण भिंत वर्षभर उन्हात राहिलेली,
तिचा रंग आता नंबराला ओळख देईना.
खाली एक मुलगी निळ्या पानापाशी
आपला तळवा लावून बघत होती, मावतो का.

डबा न उघडताच मी मागे गेलो.
झुझुना स्टुलावर चढलेली, हातात कोरी पट्टी, डिंक.
“बरं झालं आलास. माझा हात थरथरतो.
तारीख तू घाल.”

मी पेन्सिल कानावरून काढली, तारीख घातली.
पट्टीवर थोडी जागा उरली होती.
तिथं बारीक अक्षरात लिहिलं:
टोप्या, आणि